‘करमत न्हाई’चं वजन

दक्षिण ध्रुवखंडाच्या किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात त्या सकाळी दोघांना घाई होती. मालन शिंगाडेला केंद्राला वीज देणाऱ्या इंजिनाचं तेल बदलायचं होतं, आणि किनाऱ्याला लागलेल्या जहाजाला दुपारी निघायचं होतं. ते गेलं की आठ महिने इथे कुणी येणार नव्हतं आणि इथून कुणी जाणार नव्हतं.

म्हणून मागे राहणाऱ्या प्रत्येकाला जहाजावरच्या डॉक्टरांशी बोलावं लागे. डॉक्टर हेल्गांना मराठी येत नव्हती आणि दहिवडीच्या मालनला इंग्रजी. मध्ये होता शब्दकाटा, आणि तो चालवायला मिरजेची नसीमा मुजावर. एरवी ती केंद्राची बिनतारी संदेशयंत्रणा सांभाळायची.

शब्दकाटा म्हणजे तळहाताएवढा पडदा. जुनी यंत्रं शब्दाला शब्द ठोकून मोकळी व्हायची. हा मात्र जवळजवळच्या अर्थाचे सगळे इंग्रजी शब्द मांडायचा. मग बोलणाऱ्याचा श्वास, आवाजातला कंप, दोन शब्दांमधली गप्प जागा ऐकायचा आणि त्याची सुई एका शब्दाकडे कलायची. पण शब्द निवडून दाबणारं शेवटचं बोट माणसाचं. तसा नियमच होता.

“इथे कसं वाटतं?” केंद्रावर आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

“करमत न्हाई बगा,” मालन सहज बोलून गेली. “पर ऱ्हाईन की.”

पडद्यावर तीन शब्द उगवले. बोअर्ड. होमसिक. लोनली.

नसीमाने तिन्ही शब्द पुन्हा वाचले. मराठीत या तिघी एकाच माहेरच्या, इंग्रजीत तिघींची सासरं वेगळी. बोअर्ड म्हटलं तर कामात लक्ष नाही, असा शेरा बसणार. होमसिक म्हणजे घराची ओढ. ती कुणाला नसते, खुशाल राहा. आणि लोनली म्हणजे एकटेपण हाडात उतरलेलं. अशा माणसाला हिवाळ्याच्या लांबलचक अंधारात ठेवत नसत. सामान बांधायचं आणि जहाज गाठायचं.

सुई लोनलीवर जाऊन थांबली.

“मालनताई,” नसीमा हळूच म्हणाली, “घरची आठवण येते, असं म्हणायचंय ना तुम्हाला?”

“घरची कशाला? मालक गेल्यापासनं घरी तरी कुठं करमायचं? चार भिंती अन् मी. म्हणून तर हितं आले.”

म्हणजे सुई खरं बोलत होती. आणि खऱ्या शब्दावर बोट दाबलं, तर मालन पुन्हा त्याच चार भिंतींत जाणार होती.

नसीमाला आठवल्या रोजच्या पहाटा. खालून नळ्यांमधून आधी इंजिनाची घरघर यायची, मागोमाग मालनचा आवाज:

जातं माझं लोखंडाचं, न्हाई दाणा न्हाई पीठ
त्याच्या घरघरीमंदी माझं मन ऱ्हाई नीट

तिने होमसिकवर बोट टेकवलं. सुईच्या विरुद्ध, पहिल्यांदाच.

डॉक्टरांच्या पडद्यावर दोन्ही दिसत होती, बोटही आणि सुईही. त्यांनी सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “कोणत्या घराची ओढ, ते विचारा त्यांना.”

नसीमाने विचारलं. मालन कान देऊन बसली होती, पण प्रश्नाकडे नव्हे, जमिनीकडे.

“आवाज बदललाय इंजनाचा. ऐकू येतंय का? अर्धा तास झाला मला हितं बसवून. त्येला माझ्याबिगर करमत न्हाई अन् मला त्येच्याबिगर. खाली सोडा मला, मग बगा करमतंय का न्हाई.”

सुई हलली. लोनलीवरून सुटली, मध्ये जराशी घुटमळली आणि होमसिकवर जाऊन निजली.

डॉक्टरांनी सही केली.

दुपारी जहाज ठिपका होऊन मिटलं. नसीमा इंजिनाच्या खोलीत उतरली तेव्हा मालन तेलकट हातांनी चहा गाळत होती.

“माझ्या एका शब्दापायी घाम फुटला तुला,” मालन म्हणाली. “तुला करमतं का गं हितं?”

“करमतं की,” नसीमा चटकन म्हणाली.

हातातला काटा बंद करायचा राहिला होता. त्याने ‘करमतं’चे शब्द मांडलेच नाहीत. तेच तीन पुन्हा उगवले आणि त्यांच्यामध्ये सुई थरथरत राहिली.

मालनला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिने नसीमाच्या तोंडाकडे पाहिलं, पायाने स्टूल पुढे सरकवलं आणि कप तिच्या हातात दिला.

“माझं तू दाबलंस,” ती म्हणाली. “तुझं कोण दाबणार?”