रांगणारी लोकर

जगातला शेवटचा नटवा खेकडा सोमवारी संपला, अशी नोंद आहे. तसं काही झालेलं नाही. आपण सोमवारच्या दुपारपासून सुरू करू.

साल २०६१. किनाऱ्यावरच्या सागर संशोधन केंद्रात केतकी आजोबांशेजारी उभी होती. आजोबा म्हणजे शास्त्रज्ञ दिगंबर तांडेल. समोर मोजणीस नावाचा यंत्रमानव टाकीत डोकावत होता.

"स्पंज, तीन. शेवाळ, एक. खेकडा, शून्य," तो म्हणाला. "पाच वाजता टाकी रिकामी करण्यात येईल."

"अहो मोजणीस, तो त्या स्पंजांखालीच बसलाय," आजोबा म्हणाले.

"खाली बघण्याचा आदेश नाही."

केतकीलाही खेकडा दिसेना. "आजोबा, नक्की आहे ना?"

"आहे गं. त्याच्या पाठीवर आकडेकेस असतात (टोकाला वळलेले राठ केस). तुझ्या सँडलचा पट्टा कर्रकन सुटतो ना, त्यावर असतात तसे. स्पंजाचे तुकडे तोडून तो त्यांत अडकवतो. ते तिथेच जगतात, वाढतात. माशाला वाटतं, दगड आहे. कात टाकली (वाढताना जुनं कवच सोडलं), की तेच कपडे काढून नव्या कवचावर चढवतो."

"मग समुद्रातले कसे संपले?"

"पाणी तापलं, स्पंज मेले. कपडे संपले. मासे शिल्लक होते."

केतकीने बाही वर सारली. "याला उचलून दाखवू?"

"कालच कात टाकलीय. अंग मऊ आहे. हात लावलास तर मोजणीसचं खरं होईल. आणि कोणी बघत असलं की हा हलत नाही, नवा कपडा दिसला तरच. मोजणीस सकाळपासून बघतोय."

पावणेपाच वाजले. केतकीने दप्तराच्या लाल गोंड्यातली लोकर उपटून टाकीत सोडली.

पाचला दोन मिनिटं असताना स्पंजांखालून दोन नांग्या आल्या. लोकर ओढली, चावली, डोक्यावर अडकवली. मग लोकर दोन पावलं सरकली.

"लोकर, एक," मोजणीस म्हणाला. "चालते. म्हणजे सजीव. जगात एकच. दुर्मीळ जात, संरक्षित. टाकी रिकामी करू नये. खेकडा, शून्य. नामशेष."

"अहो, पण तो जिवंत आहे," केतकी म्हणाली.

"अर्ज करा."

"बाहेर समुद्रात आम्ही गरम पाणी सोसणारे स्पंज लावतोय," आजोबा हळूच म्हणाले. "दोनेक वर्षं लागतील. तोवर जगू दे त्याला लोकर म्हणून."

केतकीने तरीही अर्ज केला. तिसऱ्या दिवशी टाकीच्या काचेवर उत्तर चिकटवलेलं होतं:

"विषय: नामशेष असल्याची नोंद रद्द करणेबाबत. संबंधित खेकड्याने अंगावरील स्पंज, शेवाळ, लोकर इत्यादी उतरवून, कार्यालयीन वेळेत, मोजणीस यांच्यासमोर, खेकड्यासारखे दिसत समक्ष हजर राहावे, ही विनंती."