वाटाणा कोणी मारला?

"अरे, उकरू नकोस! बाबूजी बघतील!" चेतनाने दबक्या आवाजात दटावलं.

"बघू देत!" लोकेंद्रने माती बाजूला सारली. परसातल्या वाटाण्याच्या वाफ्यात एकही कोंब वर आला नव्हता.

काल, ऐन भाऊबिजेला, बाबूजी शेजारच्या मानबाई काकींवर अख्ख्या गल्लीदेखत ओरडले होते. "माझ्या बहिणीने दाहोदहून एवढं चांगलं बी पाठवलं, ते लाटलंत आणि उकडलेले दाणे पेरलेत!" काकी तडक घरी निघून गेल्या. रतलामच्या या परसात बारा वर्षं त्याच भाजी पिकवत होत्या. आज दुपारच्या गाडीने त्या मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या.

"हे बघ!" लोकेंद्रने एक दाणा पुढे धरला. "याला मूळ फुटलंय. उकडलेला दाणा रुजतो का कधी?"

"मग मेला कशाने?"

"उन्हाने! माती बघ किती तापलीये. वाटाण्याला गारवा लागतो. बाबूजींनी घाई केली!"

"घाई कसली? आत्यानेच लिहिलंय, कार्तिक वद पंचमीला पेरा. बाबूजींनी पंचांग बघून, दिवाळीच्या दहा दिवस आधी, बरोब्बर त्याच दिवशी पेरायला लावलं!"

ओट्यावर सेव खात बसलेल्या हेत्वीला ठसका लागला. ही त्यांची आतेबहीण, सुट्टीला दाहोदहून आलेली.

"दिवाळीआधी? अरे वेड्यांनो, आमची गुजरातेत दिवाळी आसो, म्हणजे आश्विन महिन्यात! कार्तिक कुठे परवा पाडव्याला लागला. त्याची वद पौर्णिमेनंतर, ती अजून यायचीये!"

चेतनाने कपाळावर हात मारला. "आणि आमच्याकडे रतलामला वद, म्हणजे काळोखा पंधरवडा आधी, सुद, म्हणजे उजेडाचा मागून! म्हणजे चांगलं महिनाभर आधी पेरलं की!"

तिघं धावतच बाबूजींकडे गेली.

"मोठ्यांना अक्कल शिकवता?" बाबूजी खेकसले.

हेत्वीने सरळ आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून आत्या कडाडली, "दादा! थंडी पडायच्या आत कोणी वाटाणा पेरतं का? मानबाईंना तरी विचारायचंस!"

बाबूजींचा चेहरा उतरला. "त्या 'थांबा' म्हणाल्या होत्या. मीच त्यांना गप्प केलं."

सगळे पळत सुटले. काकींच्या दाराशी रिक्षा उभी होती. चेतना धावत जाऊन त्यांच्या ट्रंकेवरच बसली!

"मानबाई, चूक माझी. तिथी चुकली," बाबूजी कसेबसे म्हणाले.

"तिथी चुकली, ठीक आहे रामेश्वरजी. पण मला चोर म्हणालात, ते कुठल्या पंचांगात बघून?"

बाबूजींनी सगळ्यांदेखत हात जोडले. काकींचे डोळे भरून आले.

"ऊठ गं, ट्रंक मोडेल," त्या चेतनाला म्हणाल्या. "मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुम्हाला दिसलं. शाबास रे पोरांनो! बी उरलंय का?"

"अर्धी पुडी आहे, काकी! तुम्हीच पेराल ना?"

"मी नाही. माझं मन विटलंय. मी काठावर उभी राहून सांगेन." त्यांनी बाबूजींकडे पाहिलं. "मातीत हात घालतील ते तुझे बाबूजी."

"घालीन," बाबूजी म्हणाले आणि त्यांनी स्वतः ट्रंक उचलून काकींच्या घरात परत नेली.