धानोऱ्याची बाद मतं

"मास्तर कुठी गेले?"

मी मान वर केली. डाकघराच्या खिडकीत एक उंच गडी उभा होता. घोंगडीवरून पाणी ठिबकत होतं, केसांत लाकडाचा भुसा... आणि डोळे असे हसरे, की माझ्या हातातला शिक्का पाकिटावर पडायचा तो टेबलावर पडला.

"हिवतापानं पडले. मीच हाय इथी. बसा भाऊ."

"भाऊ काऊन म्हणता जी? घरी भाऊ नाई का तुमाले?"

"तीन हायेत."

"मंग चौथ्याची काय गरज?"

मी ओठ चावून हसू दाबलं. सत्तावन्न सालचा कार्तिक होता. आठवडाभर आभाळ कोंदलेलं, मधूनच झिमझिम, उन्हाचा पत्ता नाही. बाबा धानोऱ्याच्या शाळेत मास्तर होते आणि शाळेच्या ओसरीवरचं डाकघरही तेच बघायचे. ते आजारी पडले की शिक्के माझ्या हाती येत.

त्याचं नाव लटारू. जंगलात झाडं कापणाऱ्या मजुरांपैकी तो एक होता. त्यांच्या युनियनच्या सेक्रेटरीची निवडणूक होती आणि त्याला आपला अर्ज चांद्याला, म्हणजे जिल्ह्याच्या गावी, रजिस्टर डाकेनं धाडायचा होता.

"निवडून आले त काय कराल?" मी उगाच विचारलं.

"माह्या भावावर मागच्या साली सागाचं झाड पडलं. दवाखान्यात न्याले गाडी मागतली, त ठेकेदाराचा माणूस म्हणे, बैलं लाकडासाठी हायेत. दोन दिवस जिता होता तो..." हसणारे डोळे खाली गेले. "जिंकलो त पहिले गाडी मागीन."

त्यानंतर तो दर बाजाराला खिडकीशी यायचा आणि एक कोरं कार्ड घेऊन जायचा.

"एवढे कार्ड कोणाले लिहिता जी?"

"लिहीत नाई. ठेवून देतो."

"मंग घेता कायले?"

"खिडकीत याले काईतरी कारण पायजे ना, रुखमाबाई!"

त्या दिवशी मी तीन पत्रं चुकीच्या थैलीत टाकली. प्रेमात पडले होते, दुसरं काय!

पण एकदा तो फार खुशीत म्हणाला, "जिंकलो त चांद्यालेच राहा लागल. युनियनच्या हापिसात." म्हणजे हा इथून जाणार! माझं काय, हे मी विचारलं नाही... मुलीच्या जातीनं कसं विचारावं?

मजूर जंगलभर पांगलेले, म्हणून मतदान डाकेनं होतं. मतपत्रिका आल्या तसा लटारू दूर एटापल्लीच्या जंगलाकडे निघाला. "मी सोता उभा हावो. माह्या डोळ्यांपुढं त्यायनं मत नाई द्याव. तुमी नियम वाचून दाखवजा. तुमी सांगान तसंच करतील ते."

रविवारी तीसेक माणसं ओसरीवर जमली. नियमाचा कागद माझ्या हातात होता. नावापुढे फुली मारावी, दुसरी कुठलीही खूण दिसली तर मत बाद. मी अजून वाचायला सुरुवातही केली नव्हती, एवढ्यात सगळ्यांत पुढचा म्हातारा दसरू माझ्या शाईच्या गादीवर अंगठा दाबून मोकळा झाला. त्या माणसांनी जन्मभर हजेरीवर अंगठाच दिला होता. कागदाला होकार द्यायचा तो अंगठ्यानं, एवढंच त्यांना ठाऊक.

"बाई, लटारूच्या नावापुढं इथीच मारू ना अंगठा?"

'अंगठा नाही, फुली', एवढंच म्हणायचं होतं. पण मला चांद्याची मोटार दिसली, तीत बसलेला लटारू दिसला, आणि ही खिडकी रिकामी दिसली...

"हो," मी म्हटलं.

त्याच्यामागून सगळ्यांनी तेच केलं. मी पाकिटं डिंकानं चिकटवली, वर शिक्के मारले आणि थैली रवाना केली.

महिन्यानं निकालाचं पत्र आलं. अंगठ्यावरून मतदार ओळखू येतो, म्हणून धानोऱ्याची सगळी मतं बाद. लटारू एकोणीस मतांनी पडला होता. त्यानं पत्र खिडकीतच वाचलं.

"माह्यीच चूक," तो म्हणाला. "मीच नीट समजावून जाव लागत होतं."

त्यानं मला दोष दिला असता तर मी कदाचित गप्प राहिले असते.

"नाई... मले माहीत होतं. वाचलं होतं मी."

"मंग काऊन?"

"तुमी चांद्याले गेले असते..."

त्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

"मी एकटाच जाणार होतो, असं कोणं सांगतलं तुले?" पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. "मास्तरले बरं वाटलं की घरी येणार होतो. तुले मागाले."

"मंग... आता?"

"जीव त हाय तुह्यावर. तो कुठी जाते? पण उद्या अजून कोणी झाडाखाली सापडला, गाडी नाई भेटली, त मी तुह्याकडं कसा पाहू रुखमा?"

तो ओसरी उतरून गेला. मी पत्रांवर शिक्के मारत बसले, कारण थैली न्यायला माणूस आला होता.

चौथ्या दिवशी धीर करून मी त्यांच्या कुपावर, म्हणजे झाडतोडीच्या जागेवर गेले. दसरूला खरं सांगायचं होतं. दुपारची सुट्टी होती. ढगाळ थंडीत माणसं शेकोटीभोवती बसली होती.

"या बाई," दसरू म्हणाला. "लटारूचं ऐकलं का? तो म्हणे, बाईले मीच उलटं सांगून ठेवलं होतं, अंगठा माराले लावजा म्हणून. लय शिव्या देल्ल्या आमी त्याले. खाली मान घालून ऐकल्या न गेला एटापल्लीच्या जंगलात. तुमचा काय दोष? त्यानं सांगतलं तेच तुमी बोलल्या."

मी शेकोटीजवळ जाऊन उभी राहिले.

"खोटं हाय ते, दसरूभाऊ. त्यानं काईच नाई सांगतलं. मले तो इथी पायजे होता... म्हणून मीच तुमचे मतं घालवले."

कुणी शिवी दिली नाही. माणसं एकेक करून उठली आणि कुऱ्हाडी घेऊन कामाला लागली. दसरू तेवढा बसून राहिला.

"त्याले हे माहीत होतं?"

"हो."

"माहीत असून त्यानं आमच्या शिव्या खाल्ल्या?"

मी मानेनंच हो म्हटलं. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"आमचं मत त दोन सालानं, फिरून निवडणूक झाली का, परत येईल, बाई. लटारूचं सांगता नाई येत," तो म्हणाला, आणि कुऱ्हाड उचलून बाकीच्यांच्या मागे गेला.