नसलेली रास

बहात्तरच्या दुष्काळात आसेगावची खळी कोरडी पडली होती. मी भिवाजी मापाऱ्याकडे चिमूटभर तंबाखू मागायला गेलो होतो, एवढंच. माझ्या गप्पांत पाव खरं असतं म्हणतात. ही मात्र पुरती धरा.

दाणा नसला तरी सुगीला माप एकदा फिरवायचंच, हा भिवाजीच्या घरचा रिवाज. रिकाम्या खळ्यात रिकामी पायली भरायची, ओतायची, मोजायची. मापारी विचारणार, "रास कोनाची?" जवळच्यानं म्हणायचं, "कोनाचीच नाही." म्हणजे मोजणी होते, पण ती कुणाच्या दारात जाऊन बसत नाही.

त्या दिवेलागणीला गोविंदाची अंजना आली. गोविंदा मजुरीला दूर गेलेला, दिवाळीपासून खबर नाही.

"भिवाजीमामा, यंदा त्याहीच्या नावानं माप फिरवा. मानूस जित्ता असन, त्याचा दाना उरला असन तं रिकामं माप वाजते म्हन्तात ना?"

"म्हन्तात बाई. पन नाव तुलेच घ्या लागन, नाई तं कोनाचंबी वाजन. सांग, रास कोनाची?"

अंजना लाजली. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यावं? पदर ओठांशी धरून म्हणाली, "आमच्या... घरच्याची."

"अवं, नाव घे ना, नाव!" मी हसलो. पण भिवाजीचे हात सुरू झाले होते.

"लाभ..." मापारी एकाला लाभच म्हणतो. पायली पालथी झाली. काही नाही. "दोन..." आणि सळसळ आली. ज्वारी ओतावी तशी. खाली नुसती माती. नव्या दाण्याचा वास मात्र नाकात शिरला...

"जित्ते हायेत!" अंजना रडत-हसत घराकडे धावली. भिवाजी पायलीत हात घालून चाचपत बसला.

"कोनाची वाजली रे हे?" पुटपुटला.

आठवड्यात गोविंदा एसटीतून उतरला. तेच नाक, तीच चाल. सारा गाव भेटून आला. मी गेलो तेव्हा अंजना दाराबाहेरच उभी.

"काय वं, आता तं खुश ना?"

"भाऊजी..." तिनं आवाज उतरवला. "घरातलं समदं ठाव हाय त्याहीले. पन काल मी मुद्दाम नाव घेऊन हाक मारली. जन्मात पयल्यांदा. गोविंदा, म्हनलं..."

"मंग?"

"मले इचारलं... 'तो कोन?'"

तेवढ्यात आतून हाक आली, "अंजना, वाढून राह्यली का?"

आवाज गोविंदाचाच होता. म्हणूनच मी उंबरठा ओलांडला नाही.