हिमवादळातली गुरं

शरीफानं अल्बम उघडला आणि ते टपाल तिकीट पुन्हा घसरून शर्विलच्या पायाशी पडलं.

"बघितलंत? दर वेळी हेच पडतं," ती म्हणाली. "बाकीची जागची हलत नाहीत. ह्यांच्या जिवातलं होतं ते. ह्यांना ते विकायचं नाही, गुरुनाथभाई."

शर्विलनं पाय वर घेतले. तो गुरुनाथचा मित्र, बँकेत होता, त्याच्याकडे गाडी होती आणि भुतांना तो मनापासून घाबरायचा. गुरुनाथ बेहेरे जेद्दा बंदरावर खराब झालेल्या मालाची पाहणी करी आणि ओळखीपाळखीतल्या भानगडी फुकट सोडवी. भुतांवर त्याचा विश्वास नव्हता, पण या घरात त्यालाही बरं वाटत नव्हतं. सोफ्यांवर पांढऱ्या चादरी होत्या. भिंतींवर ओलीचे डाग माणसाच्या उंचीइतके चढले होते.

त्यानं चिमट्यानं तिकीट उचललं. १८९८ सालचं, अमेरिकेचं, एक डॉलरचं, काळं. हिमवादळात अडकलेली गुरं, आणि पुढचा बैल थेट बघणाऱ्याकडे तोंड करून उभा.

शरीफाचा नवरा बदरुद्दीन सुट्टीवरून कोकणातून परतला आणि त्याच रात्री झोपेत गेला. आता विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली होती. शरीफा कायमची गावी निघाली होती, आणि या तिकिटावर मुलीचं, नबीलाचं डॉक्टरीचं शिक्षण व्हायचं होतं.

"विकत घेणाऱ्यानं काय सांगितलं?"

"वापरलेलं आहे म्हणाला. शिक्क्याऐवजी मारलेली पेनाची रेघ धुऊन काढलीय आणि मागं मूळचा गोंद नाही. अस्सल तिकिटाला गोंद होता, ह्यांनी मला किती वेळा दाखवला." तिचा आवाज खाली आला. "घर बंद होतं तेव्हा चावी ह्यांच्या पुतण्याकडे, सिराजकडे होती. वरचे हुसेनभाई म्हणतात, त्याच्या कफीलला, मालकाला कळवा. एवढासा होता तो, आई गेली तेव्हा. ह्या हातांनी भरवलंय त्याला. चोर म्हणून त्याला परत पाठवू?"

"घर बंद कसं केलंत?"

"नेहमीसारखं. फ्रिज रिकामा, गॅस बंद." ती जरा थांबली. "हे म्हणत होते, एसी चालू राहू दे. दोन महिने रिकाम्या घरात एसी? हे टॅक्सीत बसले, आणि मी पाण्याची बाटली राहिली म्हणून वर आले नि मेन स्विच पाडला."

सिराजुद्दीन दारातच उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

"मी तबूकला साइटवर होतो. चाची यायच्या आदल्या दिवशी येऊन घर उघडलं. आत आलो तर कोंदट वास, भिंती घामेजलेल्या. स्विच वर केला. अल्बमच्या कपाटाला हातही लावला नाही."

"आदल्या दिवशी? त्याआधी नाही?"

"साइटवर विचारा."

हुसेनमियाँ वरच्या मजल्यावर राहात. एकटे, हातात तसबीहची माळ. गुरुनाथ आणि शर्विल वर गेले तेव्हा बैठकीची खोली उकाड्यानं भरली होती. आतल्या बंद दारामागे मात्र काहीतरी घरघरत होतं, आणि दाराच्या फटीतून शर्विलच्या घोट्यांना गार वारा लागला. गुरुनाथच्या मागे सरकत त्यानं विचारलं.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही, अडगळ आहे," हुसेनमियाँ म्हणाले. "तिकिटांचा नाद मी कधीच सोडला. पण ते निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळी बदरूनं अल्बम दाखवला होता. मी स्वतः चिमट्यानं ते तिकीट उलटून पाहिलं. गोंद शाबूत. मग त्यानं माझ्यासमोर कपाट लावलं. आता चावी कुणाकडे होती ते तुम्हीच बघा."

दिवस मावळला, मगरिबची अजान झाली. नमाजानंतर गुरुनाथनं सगळ्यांना शरीफाच्या घरी बोलावलं आणि अल्बम उलटा करून झटकला. ते एकच तिकीट पडलं.

"भूत," शर्विल पुटपुटला.

"ओल," गुरुनाथ म्हणाला. "उन्हाळ्यातली जेद्द्याची दमट हवा, दोन महिने बंद घर. गोंद विरघळला आणि प्रत्येक कोरं तिकीट पानाला चिकटलं. हे पडतं, कारण ह्याला गोंदच नाही. आता ह्याची जागा बघा. डाग आहे? फाटलंय? सिराजनं अस्सल तिकीट काढलं असतं, तर चिकटलेलं उपटावं लागलं असतं. पान स्वच्छ आहे. म्हणजे ओल धरायच्या आधीच अस्सल गेलं होतं, आणि तेव्हा सिराज तबूकला होता; साइटवर विचारलंय मी."

सिराजनं पहिल्यांदाच मान वर केली.

"आणि त्या आदल्या संध्याकाळी कपाट लागेपर्यंत ते जागेवर होतं, असं एकटे तुम्हीच सांगताय, हुसेनमियाँ. चिमटा तुमच्याच हातात होता, तेव्हाच तुम्ही ते बदललंत. सिराजवर आळ यावा म्हणून तुम्ही खोटं बोललात. घर नेहमीसारखं गार राहिलं असतं तर ते खपलंही असतं. अडगळीला एसी कुणी लावत नाही. चला वर."

हुसेनमियाँची तसबीह थांबली. त्यांनी त्या बैलाकडे पाहिलं. मग उठले, वर गेले आणि एक छोटं पाकीट घेऊन आले. "वर्षानुवर्षं मागत होतो," ते म्हणाले. "बदरू देईना."

शरीफानं पाकीट उघडलं. मागचा गोंद कालच लावल्यासारखा चकाकत होता. तिनं अल्बमची पानं चाचपून पाहिली. सगळी तिकिटं घट्ट बसली होती.

"म्हणजे बाकीची सगळी मी घालवली," ती म्हणाली. "ह्यांनी एवढंच सांगितलं होतं मला, एसी बंद करू नको म्हणून."

चोरीला गेलं होतं म्हणून तेवढं एक वाचलं होतं, हे शर्विललाही कळलं.

तिनं पाकीट सिराजच्या हातात ठेवलं. "तुझ्याजवळ ठेव. मला माफ कर, बाबा. तुझ्या चाचानं तुझ्यावर असा संशय घेऊ दिला नसता."

सिराज तिच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. वरच्या मजल्यावरची घरघर अजून ऐकू येत होती.