घट्ट आवळलेला नट

"मागची चाकं धरून ठेवणारे हे आर्म कोणी निवडले?"

विमा कंपनीच्या सर्व्हेअरबाईंनी एवढंच विचारलं आणि तीन तोंडांतून एकदम उत्तर आलं, "मी."

बाईंच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. ठोकलेल्या गाडीपाशी उभं राहून प्रश्न विचारला की लोक एकमेकांकडे बोट दाखवतात. गॅरेजवाल्यांनी पाठीमागे त्यांचं नाव 'शंकाबाई' ठेवलं होतं ते उगाच नाही. पण सगळेच कबुली द्यायला निघाले तर शंका घ्यायची तरी कोणाची?

सव्वीस वर्षांची जुनी गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर उभी होती. काल सकाळी उतारावरच्या वळणावर तिचा मागचा भाग घसरला आणि ती भिंतीवर आदळली. चालवणारी सूनबाई प्लास्टरमधलं मनगट छातीशी धरून उभी होती. शेजारी तिचे सासरे, नाना. चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं जोडणारे फिटर. चष्म्याच्या मोडक्या काडीला त्यांनी तांब्याच्या तारेचा बारीक पीळ दिला होता. तिसरा, गॅरेजचा मिस्त्री.

"सुचवले मी," मिस्त्री म्हणाला. "जुनी गाडी, सांगाडा एका बाजूला बसलेला. ठरावीक लांबीचे आर्म टाकले असते तर मागची चाकं तिरकीच राहिली असती. म्हणून लांबी कमीजास्त करता येते ते घ्या म्हटलं. तेही सांध्यात रबराचं बुश असलेले, घरच्या गाडीला हादरे कमी बसतात."

"हो म्हणाले मी," सूनबाई म्हणाली.

"पसंती माझी होती," नाना जमिनीकडे बघत म्हणाले.

"निवडले कोणी ते मरू द्या!" चौथा आवाज चढला. तो सूनबाईचा नवरा. "बसवले कोणी? याने! नट ढिला ठेवला याने. माझी बायको गेली असती, बाई! नगरपालिकेत तक्रार दिलीय. तुमचा रिपोर्ट हातात आला की याच्या शटरला टाळं."

मिस्त्रीने मान खाली घातली. "ढिला राहिला असेल माझ्याकडून."

त्या एका शटरवर त्याचं घर चालत होतं, आणि तो मात्र एका वाक्यात सगळं सोडून मोकळा झाला. बाईंनी टॉर्च घेतला आणि त्या खड्ड्यात उतरल्या.

उजवा आर्म ठीक होता. नटाला साधी पिन, रबर शाबूत. डाव्या आर्मचं बुश मात्र फाटलं होतं. बाईंनी फटीत नख घातलं. आत धूळ, चिखल, वंगण, सगळं जाम बसलेलं. कालची फाट असती तर रबर आतून स्वच्छ दिसलं असतं.

मग त्यांनी डाव्या नटाला पाना लावला आणि सगळा जोर काढला. नट तसूभर हलला नाही. लांबी पक्की करणारा चेकनटही तसाच. बोल्टच्या टोकाशी पिनेऐवजी तांब्याची तार होती, टोकं आत दुमडलेली.

बाई वर आल्या.

"मिस्त्री, तुमच्याकडे लिफ्ट आहे?"

"नाही. हा खड्डाच."

"म्हणजे बुशचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी कशावर असते?"

"स्वतःच्या चाकांवर. तसंच आवळायचं असतं."

"आणि ही तार तुम्ही बांधलीत?"

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "हो."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. कान लाल झाले होते.

दुपारी बाई मिस्त्रीला बरोबर घेऊनच नानांच्या घरी गेल्या. अंगणात गाडी लावायच्या जागी एका फरशीवर चौकोनी खळगा पडला होता, पंजाएवढा. बाईंनी त्यावर पाऊल ठेवून पाहिलं आणि आत आल्या. सूनबाईने एका हाताने पाणी आणलं.

"काल वेग किती होता?"

"बराच. साठ-सत्तर. चूक माझीच, मॅडम."

"कितव्या गिअरमध्ये?"

"आठवत नाही."

"काल ठोकल्यावर काढलेल्या फोटोत गिअर दुसऱ्यातच आहे. दुसऱ्या गिअरमध्ये त्या खटाऱ्यानं सत्तर गाठलं असेल, तर मी नोकरी सोडते."

एरवी कोणी हसलं असतं. सूनबाईने ग्लास खाली ठेवला आणि चोरून नानांकडे पाहिलं. नाना खुर्चीत अंग चोरून बसले होते, पुढ्यातला चहा निवून साय धरलेला.

बाईंना सगळं कळून चुकलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं. पण समोर मिस्त्री उभा होता, दाराच्या चौकटीला धरून. त्याच्या शटरचं काय?

"तर मग सांगते," बाई सूनबाईच्या नवऱ्याकडे वळल्या. "नट ढिला नव्हता. एकही नाही. बुश फाटलं म्हणून वळणावर मागचं चाक जागचं हललं आणि गाडी घसरली. फाट काही आठवड्यांची आहे."

"म्हणजे मालच खराब?"

"नाही. उजवीकडचं बुश त्याच मालाचं आहे, धडधाकट आहे. डावा बोल्ट नंतर कोणीतरी पुन्हा आवळला, गाडी जॅकवर आणि चाक अधांतरी लोंबकळत असताना. मग गाडी खाली आली की रबराला जन्मभराचा पीळ बसतो, आणि रोज थोडं थोडं फाटत जातं. हे काम खड्ड्यातलं नाही. जॅकची खूण तुमच्या अंगणात आहे."

"मी तर पान्याला हातही लावत नाही!"

"माहीत आहे. मिस्त्री खोटं बोलला, नट ढिला होता म्हणून. तुमची बायको खोटं बोलली, वेग जास्त होता म्हणून. दोघांनी दोष अंगावर घेतला, तो तुमच्यासाठी नक्कीच नाही. या दोघांना एकदम जीव लावणारं माणूस घरात एकच आहे. चाळीस वर्षं जागच्या जागी उभी असणारी यंत्रं जोडलेला फिटर. त्याला आवळायचं कसं हे आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं. पण गाडीचा बोल्ट तिच्या वजनाखालीच आवळायचा, हे त्याला कारखान्यात कधी लागलंच नाही. आणि तार त्याने चष्म्याला बांधली तशीच बोल्टला बांधली."

नानांनी नकळत चष्म्याच्या काडीला हात लावला.

"काकांना काही बोलू नका," मिस्त्री पुटपुटला. "कानस धरायला त्यांनी शिकवलं मला. तार बघताच मी ओळखलं."

"पाने मीच दिले त्यांच्या हातात," सूनबाई म्हणाली. तिला रडू आवरेना.

"डावीकडून कुरकुर यायची," नाना बोलायला लागले. "पोर एकटी लांबवर गाडी नेते. वाटलं, वंगण घालून पुन्हा पक्कं करून ठेवावं. काल मुलाच्या तोंडून 'ढिला नट' ऐकलं. हात थरथरतात माझे, मला वाटलं, राहिला ढिला. हा मिस्त्री माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेत होता आणि मी घेऊ दिलं. तोंड उघडेना." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "खरंच ढिला नव्हता?"

"मी अख्खं अंग टाकलं, नाना. हलला नाही."

म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मग म्हणाले, "तरी मनगट मोडलंच ना पोरीचं. लिहा माझं नाव."

बाईंनी फॉर्म काढला. 'दोष कोणाचा' या रकान्यापाशी पेन थबकलं. "कुरकुर येत होती, तर घरात कोणाला सांगितलं नाहीत?"

नाना चष्मा पुसत राहिले. सूनबाईने खाली ठेवलेला ग्लास उचलला. मिस्त्रीने दाराबाहेर पाहिलं. नवऱ्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा सकाळचा आवाज कुठल्या कुठे गेला.

"तीनदा सांगितलं होतं त्यांनी," तो म्हणाला. "गॅरेजला नेऊन आण म्हणाले. मी दर वेळी 'बघतो' म्हटलं. शेवटी चिडून सांगितलं, तुम्ही गाडीला हात लावायचा नाही, तुम्हाला त्यातलं काय कळतं."

बाईंनी पेन तसंच धरून ठेवलं. "मग काय लिहू? दोष कोणाचा?"

सकाळी 'कोणी?' या प्रश्नाला तिघांनी जे उत्तर दिलं होतं, ते अजून एकाच माणसाने दिलं नव्हतं. तो मिस्त्रीसमोर जाऊन उभा राहिला, हात जोडायला गेला, आणि मिस्त्रीने ते मध्येच धरले.

"मी," तो म्हणाला.