मळाची वरची चार बोटं

रेवसच्या राहीचं लग्न अखेर रंगाच्या कंपनीतल्या शिवदासशी झालं. पण ते राहू द्या. झालंच नाही असं समजू.

साल अठ्ठावन्न. धक्क्यावर तिकिटं फाडणाऱ्या बाबाजींच्या दारात एक माणूस उभा राहिला आणि त्यांच्या मुलीला म्हणाला, "तुमची भिंत मिळेल? समुद्राकडची."

"आनि घर?" राहीने विचारलं.

"घर नको."

"म्हंजे आमी ऱ्हायलो तरी चालंल."

भिंतीवर मळ धरणार नाही असा रंग कंपनीला काढायचा होता. शिवदासने नव्या पांढऱ्या रंगाचे बारा लांब पत्रे त्या भिंतीवर टांगले... वर्षभर खारा वारा, लाँचचा धूर आणि रस्त्याची धूळ खायला. दर महिन्याला तो लाँचने यायचा, पत्र्यांना भिंग लावायचा आणि राहीने दिलेला चहा पार गार करून प्यायचा.

पाहुण्याची वस्तू मळकी ठेवणं राहीला जमण्यातलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने ओलं फडकं फिरवलं. शिवदास आला, पत्रे पाहून हसला. त्या हसण्यापायी ती रोज पुसायला लागली.

बाराव्या महिन्यात तो कपाकडे बघत म्हणाला, "रंग पास झाला. पत्रे उतरवायचे. मला कलकत्त्याला बढती आहे."

राहीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. बोललं तर त्याची बढती जाते. न बोललं तर – तोच जातो.

"रंगात काय न्हाय, साहेब," ती म्हणाली. "मी पुसते. रोज."

त्याने वही उघडून तिच्यापुढे धरली. सहा महिन्यांपूर्वीची नोंद होती: 'पत्रे स्वच्छ. फक्त वरची चार बोटं काळी. कारण अज्ञात.' खाली कंपनीचा शेरा: 'चार बोटं माफ.'

"हात वर करा."

तिने पत्र्याला लागून हात वर केला. बोटं बरोबर मळाच्या काठाला टेकली.

"म्हंजे... ठावं व्हतं?"

"कळवलं असतं तर पत्रे दुसऱ्या गावी गेले असते. मीही."

"आनि आज मी गप ऱ्हायले असते तर?"

"गेलो असतो," शिवदास म्हणाला. "कलकत्त्याला."

लाँचचा भोंगा वाजला. तो उठला नाही. राहीने गार चहा ओतून टाकला आणि दुसरा ठेवला. तो उकळेपर्यंत त्याने अर्ज लिहून काढला:

'मा. व्यवस्थापकसाहेब, रेवस येथील चाचणी सदोष ठरली असून दोष अर्जदाराचा आहे. सबब बढती रद्द करून, सदर चाचणी सदर भिंतीवर नव्याने पन्नास वर्षे चालू ठेवण्यास, त्या काळात पत्रे रोज पुसण्यास परवानगी, व वरच्या चार बोटांसाठी एक स्टूल मंजूर होण्यास विनंती आहे.'